तोफेवर एक माणूस कमी

१

मंगळवार, चार ऑक्टोबर दोन हजार पाच, दुपारी तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी हे सुरू झालं. वेळ एवढी पक्की सांगते, कारण ओव्हनवरच्या हिरव्या आकड्यांकडे बघण्यातच माझ्या दुपारी जायच्या. चार वाजले की नवऱ्याला झोपेतून उठवायचं, चहा द्यायचा आणि मग तो रेस्टॉरंटमध्ये गोऱ्या लोकांसाठी लालभडक चिकन शिजवायला निघून जायचा.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. पुढे हसण्यासारखं काही नाही.

आशू, म्हणजे माझी मुलगी आश्लेषा, तेव्हा साडेतीन वर्षांची. ती मागच्या दाराच्या पायरीवर कपड्यांच्या चिमट्यांशी खेळत होती. मी ओट्याशी कांदा चिरत होते. ती मधेच उठली, ताठ उभी राहिली, दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबले आणि दातांच्या डॉक्टरपुढे उघडतात तसं तोंड उघडलं. मला वाटलं आता भोकाड पसरणार. नाही. नुसतंच उघडं तोंड आणि समुद्राकडे लागलेले डोळे.

मग हुकांवर टांगलेले कप एकमेकांना लागून वाजले. सकाळीच घट बसवला होता, त्यातलं पाणी थरथरलं. आशूने तोंड मिटलं, हात खाली घेतले आणि पुन्हा चिमटे वेचायला बसली.

आवाज म्हणाल तर काहीच झाला नाही. आवाज होऊन गेल्यावर जे होतं तेवढंच झालं.

२

बेटाचं नाव लिहीत नाही. घरमालक एक नंबरचा भांडकुदळ, वकील घेऊन दारात येईल. इंग्लंडहून फेरीबोटीने जावं लागतं एवढं कळलं तरी पुरे. घराचं नाव गनर्स कॉटेज. नावावरून कोणाला वाटेल काय थाट असेल! दोन खोल्या, भिंतींना ओल आणि मागे समुद्राकडे तोंड करून वाढलेलं गवत. पण पुष्कर म्हणजे आमचा नवरा पत्त्यावरच खूश. पुण्याला पत्रावर लिहायला बरं दिसतं ना! समोर मी त्याला अहो म्हणायचे. इथे नाव घेते आणि तो म्हणते, तेवढं तरी मला करू द्या.

मागच्या गवतात सिमेंटचं गोल होतं, आमच्या जुन्नरकडच्या खळ्याएवढं. कडेने गंजलेले बोल्ट वर आलेले. युद्धात तिथे तोफ होती म्हणे. मालकाने मधल्या भोकात छत्रीसारखं उघडणारं, गोल फिरणारं कपडे वाळत घालायचं झाड ठोकून दिलं होतं. ज्या जागेचा बेटाला एवढा अभिमान, तिथे माझे परकर वाळायचे.

घटाच्या आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. सासऱ्यांची तिथी शनिवारी येऊन गेली, पण शनिवारी दारुडे येतात, सुट्टी कोण देणार? सोमवारी रेस्टॉरंट बंद, म्हणून सर्वपित्रीला उरकलं. मी वडे केले, खीर केली, केळीचं पान कुठून आणू, कागदी ताटलीत वाढलं. म्हटलं, पुढच्या फाटकाच्या भिंतीवर ठेवा, तिथे कावळे दिसतात. पण बाहेर वारा होता आणि साहेबांच्या पायात सपाता होत्या. मागचं दार उघडलं, समोर ते गोल, ठेवली ताटली त्याच्यावर.

“अहो, तिथे नको. ती काय जागा आहे का?”

“कावळ्याला पत्ता लिहून द्यायचाय का तुला?” म्हणाला आणि हात जोडले. “बाबा, या. आणि ज्यांचं करणारं कोणी नाही, त्यांनीही या.”

हे शेवटचं त्याला त्याच्या आईने फोनवर पढवलेलं.

कावळा आला नाही. त्या बेटावरचे सीगल माणसाच्या हातातून चिप्स ओढून नेतात, इतके बेशरम. तेसुद्धा वरच्या वर घिरट्या घालत राहिले, एकही खाली उतरला नाही. सकाळी ताटली पुसून घेतल्यासारखी स्वच्छ.

“मांजर,” पुष्कर म्हणाला.

मीही मांजरच म्हटलं.

३

बुधवारी पुन्हा तसंच. गुरुवारीही. मी आशूला डॉक्टरकडे नेलं. त्याने कानात बॅटरी मारली, कान छान आहेत म्हणाला आणि कॅलपॉल दिलं. या देशात माणूस मेला तरी आधी कॅलपॉल देऊन बघतील.

“अगं, नर्सरीत शिकवलं असेल,” पुष्कर म्हणाला. “वाघोबा झाली असेल.”

“वाघ कान झाकतो?”

“तुमच्या गावचा झाकत असेल.”

अशा माणसाला काय सांगायचं!

शुक्रवारी आशूने कांद्याची जाळी उघडली. एक कांदा घेतला, पण तो दोन्ही हातांवर आडवा, कोपर पोटाशी, ओठ दाबलेले, जणू तिच्या वजनाइतकं काही उचललंय. तशी डुलत डुलत त्या गोलापर्यंत गेली, कडेवर एका ठरावीक जागी उभी राहिली, डावीकडे वळली आणि कांदा दिला. कोणाला? तिथे कोणी नव्हतं. तिने हात मोकळे केले आणि दुसरा आणायला परतली.

कांदा पडल्याचा आवाज आला नाही.

मी सातवी शिकले, तरी सोडलेली वस्तू खाली पडते एवढं मला कळतं. मी बाहेर धावले. तिने नेलेले कांदे गोलाच्या पलीकडे गवतात पडले होते, समुद्राच्या बाजूला, लांब. साडेतीन वर्षांच्या पोरीचा हात तेवढा फेकत नाही. मी मनाशी म्हटलं, घरंगळले. उतार आहे. उतार खरं तर घराकडे होता, पण त्या दिवशी तो समुद्राकडे आहे असं मी ठरवून टाकलं.

“आशू, कांदे कोणाला देत होतीस?”

“तो दादा.”

“कुठला दादा?”

“माझा बाजूला असतो तो. तो म्हणतो फास्टर, फास्टर.”

“तो एकटाच असतो?”

तिने माझ्याकडे बघितलं, आईला काहीच कसं कळत नाही असं. मग बोटं उघडली. “वन, टू, थ्री, फोर, फाइव्ह. अँड मी.”

४

बेटावर दुसरं मराठी घर एकच, अरुणाकाकूंचं. त्यांचे मिस्टर तिथल्या हॉस्पिटलातून रिटायर झालेले. काकू तीस वर्षांत इतक्या तिथल्या झाल्या होत्या की पावसालाही सॉरी म्हणायच्या. त्यांना विचारलं, तोफेची ती जागा काय आहे? तर कोण आनंद! युद्ध संपून साठ वर्षं झाली म्हणून लायब्ररीत बेटाच्या तोफखाना रेजिमेंटचं प्रदर्शन लावलं होतं आणि काकू त्या कमिटीवर. शनिवारी सकाळी मला घेऊन गेल्या.

तिथे मिस्टर हॉबडे म्हणून एक गृहस्थ. ब्लेझरवर रेजिमेंटचा बिल्ला. युद्ध संपलं तेव्हा हा पाळण्यात असेल, पण छाती अशी की तोफा यानेच ओढल्या. तो बोलणार, काकू मला मराठीत सांगणार.

रेजिमेंट म्हणजे कोण, तर बेटावरचीच पोरं. बेकरीत पाव लादणारा, खाटकाकडचा, फेरीचे दोर बांधणारा. युद्धाच्या आधी आठवड्यातून दोन संध्याकाळी हॉलमध्ये कवायत करायची, थोडा खर्चाला पैसा आणि उन्हाळ्यात फुकट कॅम्प, म्हणून नाव घातलेली. मग युद्ध खरंच आलं. बहुतेकांना वाळवंटात पाठवलं. थोडे बंदर राखायला मागे राहिले. हे सगळं हॉबडे असं सांगत होता की जसं काही देवादिकांचं चाललंय. फोटोत बघावं तर मुरमं आलेली पोरं, टोप्या कानांवर उतरलेल्या.

पुढच्या फोटोशी मी थांबले. तोफेभोवती सहा जण. सगळ्यांचे हात कानांवर. सगळ्यांची तोंडं उघडी.

“काकू, हे असं का उभे आहेत?”

हॉबडेने हौसेने स्वतःच करून दाखवलं, कवळीसकट. तोफ उडायच्या आधी तोंड उघडं ठेवायचं, म्हणजे धक्क्याने कानाचे पडदे फाटत नाहीत. नव्या पोराला पहिली गोष्ट हीच शिकवायचे.

माझ्या हातातली पिशवी घामाने निसटायला लागली.

“आमच्या बेटाची तोफ कधी एका माणसाने कमी पडली नाही,” हॉबडे म्हणाला. “एक गेला की पुढचा त्याच्या जागी. हीच आमची शान.”

“ही तोफ कुठली?”

“तुमच्या मागच्या अंगणातली, डिअर.”

मग काकूंनी आवाज खाली आणून सांगितलं. एक्केचाळीसच्या वसंतात, दुपारी चहाच्या वेळी विमान आलं. पाच जण जागच्या जागी गेले, उचलायलाही काही राहिलं नाही. पाचही बिनलग्नाचे, मागे कोणी नाही. सहावा बादली घेऊन चहा आणायला गेला होता म्हणून वाचला. तो पुढे कॅनडात नातवंडांत मेला.

“म्हणजे तोफेवर एक कमीच होता की,” मी म्हटलं.

काकूंनी हे इंग्लिशमध्ये सांगितलं नाही. “असं विचारायचं नसतं, कस्तुरी,” म्हणाल्या आणि मला चहाच्या टेबलाकडे नेलं. तिथे त्यांनी केकचे तुकडे मांडले होते. मेलेल्यांच्या फोटोंसमोर केक. यांची रीत यांना ठाऊक.

५

मी मागच्या दाराला कडी घातली. चार वाजायला आले की आशूला पुढच्या खोलीत घेऊन टीव्हीचा आवाज वाढवायचा. कप वाजायचे ते वाजायचेच. आशू दाराकडे बघून रडायची. “मम्मी, ते वेटिंग आहे.”

मग ते कपड्यांचं झाड फिरायला लागलं. खिडकीतून दिसायचं. वाऱ्याने फिरतं तसं गरगर नाही. जरासं फिरायचं, थांबायचं, परत जरासं. आभाळात कोणी काही शोधतंय आणि बाकीचे त्याच्या बोटाकडे बघून वळतायत, तसं. वाऱ्याने कपडे एकीकडे उडायचे आणि झाड दुसरीकडे वळायचं.

“बेअरिंग गेलं असेल,” पुष्कर म्हणाला.

बेअरिंग म्हणजे काय हे मला धड माहीत नव्हतं, पण ऐकून बरं वाटलं. दोन दिवस मी मनात बेअरिंग, बेअरिंग म्हणत स्वयंपाक केला.

पुढच्या आठवड्यात रविवारी दुपारी साहेब स्वतःहून लवकर उठले. मागच्या पायरीवर सिगरेट ओढली. सिगरेट बाहेर ओढावी एवढी अक्कल होती, दार लावून घ्यावं एवढी नव्हती. आत येऊन बाथरूममध्ये गेला. मी पुढच्या खोलीत आशूच्या मोज्यांना गाठ मारत होते. मान वर केली तर मोजे माझ्या हातात आणि पोरगी नाही.

झाडावर सकाळी घातलेली मोठी चादर होती. चादरीच्या खाली पाय दिसले. जाड बूट, घोट्याला पट्ट्या गुंडाळलेल्या, मातकट रंगाचे. ते सिमेंटच्या भेगांतल्या गवतावर उभे होते, पण गवत दबलं नव्हतं. त्यांच्या मधे लाल सँडल. मी पाय मोजले नाहीत. मोजायला नकोच होते, मधे जागा कुठे मोकळी नव्हती.

वारा आला, चादर जराशी वर गेली. चेहरे मी पाहिले नाहीत, खोटं कशाला सांगू. तोंडं पाहिली. उघडी. त्यांच्या आत ना जीभ ना दात, त्यांच्यातून पलीकडचा समुद्र दिसत होता.

“मेल्यांनो, सोडा माझ्या पोरीला!”

मी आशूला दंडाला धरून ओढली. ती हलेना. दोन्हीकडून कोणी हाताला धरून ठेवावं तशी जड. मी पाय रोवून ओढली, सँडल तिथेच राहिली, पोरगी माझ्या अंगावर आली. आणि आली ती हातपाय झाडतच.

“मम्मी, नको! मी गेला तर वन कमी होणार!”

६

माझी किंकाळी ऐकून पुष्कर टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला. त्याला काय दिसलं? एक चादर, एक अनवाणी पोर आणि गवतात बसलेली वेडी बायको.

“अगं, शेजारचे पोलीस बोलावतील!”

“आधी आत चला. त्याच्यावर पाय ठेवू नका.”

“कशावर? ह्याच्यावर?” आणि आशूची सँडल पडली होती बरोबर तिथे जाऊन उभा राहिला. “हा बघ. उभा राहिलो. काय झालं? गिळलं मला?”

“पप्पा, तिथे नको,” आशू म्हणाली. ती आता रडत नव्हती.

बायकोला खोटं पाडायचं तर पूर्णच पाडावं. त्याने तळहात कानांवर ठेवले, डोळे गरागरा फिरवले, तोंड वासलं. माकडासारखं. आतमध्ये ओव्हनच्या घड्याळात काय वाजलं होतं मला दिसत नव्हतं. कप वाजले ते ऐकू आलं.

त्याचं तोंड लगेच मिटलं नाही. थट्टा डोळ्यांत थोडा वेळ तशीच होती. मग ती हळूहळू कमी झाली, दिव्यातलं तेल संपतं तशी.

मग त्याने हात खाली घेतले, सँडल उचलून आशूला दिली, आत येऊन चहा प्यायला आणि कामाला गेला. चहा पिताना नुसता कपात बघत होता. मला वाटलं, खजील झालाय. मी टोमणाही मारला, “काय, फाटले का कानाचे पडदे?” त्याने माझ्याकडे बघितलं. ओळखीचं माणूस लांबून बोलावतंय आणि ऐकू येत नाही, तसं.

त्या दिवसापासून आशू ठीक झाली. चार वाजता चिमट्यांशी खेळायची आणि कप वाजले तरी मान वर करायची नाही. आणि त्या दिवसापासून मला पुष्करला उठवावं लागलं नाही. चारच्या आधी तो आपणच उठून मागे गेलेला असायचा.

७

दिवाळीला माझ्या मावसभावाकडे, नंदूकडे जायचं ठरलं. लंडनजवळ पिनरला. बॅगा घेऊन फेरीपर्यंत आलो. गाड्या आत चढत होत्या. पुष्करने घड्याळ बघितलं, बॅग खाली ठेवली.

“तुम्ही दोघी पुढे व्हा.”

“आणि तुम्ही?”

“मी आलो तर एक कमी पडेल.”

किती सरळ आवाजात म्हणाला! दूध संपलंय म्हणावं तसं. मी भांडले, त्याच्या मनगटाला धरलं, लोक बघायला लागले. मनगट जड होतं, त्या रविवारी आशूचा दंड होता तसंच. मग मी आशूला उचलली आणि फेरीत चढले. मागे वळून बघितलं नाही. नवऱ्याला टाकून आली असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी आधी चारला तिथे उभं राहून यावं.

पहिले काही महिने रविवारी फोन यायचा. आधी इकडचं तिकडचं. गरम मसाला कसा केला, थंडी किती. लग्न झाल्यापासून माझ्याशी इतक्या गोडीने बोलला नव्हता. मग एका रविवारी म्हणाला, “आशूला एकदा घेऊन ये. तिला जागा माहीत आहे. एक मिनिट उभी राहू दे तिला, मी जरा पाय मोकळे करून येतो.”

मी नंबर बदलला. मग घर बदललं. आता आम्ही कुठे राहतो? पिनर नाही, एवढंच सांगते.

अरुणाकाकू त्याच्याकडे फराळाचा डबा घेऊन गेल्या होत्या. मागच्या अंगणात होता म्हणे, वाळलाय बराच, पण वागायला किती नम्र! “काकू, क्षणभर इथे उभ्या राहता का?” म्हणाला. काकूंचे गुडघे धरले होते, गवतात उतरवेना, म्हणून वाचल्या. नवा नंबर फक्त त्यांच्याकडे होता, हे त्यांनी मला फोनवर हसत सांगितलं. शिकलेली बाई. आणि वर म्हणाल्या, “बिचारा लेकीसाठी किती झुरतोय गं! तुझा पत्ता देऊ का त्याला?”

म्हणून हे लिहिलं. उन्हाळ्यात आपली मंडळी त्या बेटावर सहलीला जातात, डॉक्टर लोक, कॉम्प्युटरवाले, पोराबाळांसह. रेस्टॉरंटमध्ये मराठी माणूस भेटला की यांना किती भरून येतं. तो जेवायला छान घालेल. दुपारच्या चहाला घरी बोलावेल. जाऊ नका. गेलातच तर सिमेंटवर पाय ठेवू नका, तो कितीही आर्जवाने म्हणाला तरी. आणि आमची चौकशी केली तर माहीत नाही म्हणा. तुम्हाला त्याची दया येईल. मलाही येते, रोज दुपारी येते, तरी मी फोन करत नाही.

वाचून झालं की आणखी दोन घरी सांगा. मी ज्यांना मूर्ख बाई वाटले असेन, त्यांना आधी सांगा. पत्ता देतील तर तेच देतील.